गुलाबी की जांभळा

संजना मॅडमचा राग नाकावर असायचा, आणि तो तिथे असल्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. साखळीहून सकाळची बस धरून म्हापसा, म्हापशाहून दुसरी धरून पेडणे, एवढे धक्के खाऊन कॉलेजात पोचायचं आणि मग चाळीस पोरांना सहा सूक्ष्मदर्शकांवर जंतू दाखवायचे, हे शांत माणसाचं काम नव्हेच, असं त्या म्हणत. त्या सहांतल्या एकाचा आरसा तर आपल्या मनाला येईल तेव्हाच उजेड देई. एका पोराने भिंगाला डोळा लावला की मागे सहा जणांची रांग, आणि चौथ्याची पाळी येईस्तोवर तास संपलेला. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे डोळ्यांना न दिसणारं दाखवायचं शास्त्र, आणि इथे पोरांना फक्त एकमेकांच्या पाठी दिसत होत्या.

शेवटी मॅडमनी आपला मोबाइल भिंगाला टेकवून साठ काचपट्ट्यांचे फोटो काढले आणि गणपतीच्या चवथीपासून होळीच्या शिगम्यापर्यंतचे सगळे रविवार घालवून एक खेळ तयार केला. मोबाइलवर जंतूंचा फोटो येई. आधी आकार सांगायचा, गोल की दांडीसारखा. मग रंग सांगायचा, गुलाबी की जांभळा. उत्तर बरोबर आलं की जंतू मुकाट बाटलीत जाऊन बसे. चुकलं की एकाचे दोन, दोनाचे चार होत पडदा भरून जाई, आणि वर कुणीतरी खी खी हसे. ते हसू मॅडमच्या सात वर्षांच्या भाचीचं, गौरवीचं होतं. चवथीला सगळे घरी जमले असताना मॅडमनी ते टिपून घेतलं होतं.

रंगाला एवढं महत्त्व का, तर जंतूंच्या दोन मोठ्या जाती तिथेच वेगळ्या होतात. जंतूंवर आधी जांभळा रंग घालायचा, मग तो धुवायचा, मग गुलाबी घालायचा. काही जंतू जांभळा सोडत नाहीत. काहींचा तो धुतला जातो आणि त्यांच्यावर गुलाबी चढतो. कुठल्या जंतूला कुठलं औषध लागू पडेल, त्याची पहिली वाट इथून फुटते. इथे चुकलेला विद्यार्थी पुढे सगळीकडे चुकणार, हे मॅडम वर्षाला शंभरदा सांगत.

खेळ पोरांनी डोक्यावर घेतला. म्हापशाच्या बसमध्ये सुद्धा गौरवीचं हसू ऐकू यायला लागलं. बावीस वर्षं प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुणारे सगुणबाब पहिल्याच फटक्यात साठपैकी अठ्ठावन्न बरोबर काढून मिशीत हसत हिंडू लागले. मॅडमना आभाळ ठेंगणं झालं.

फक्त प्रज्योत. इब्रामपूरच्या डोंगरातला, मागच्या बाकावर बसणारा, नाकासमोर चालणारा मुलगा. आकृत्या अशा काढायचा की छापील पुस्तकाने मान खाली घालावी. पण त्याच्या मोबाइलमधून गौरवीचं हसू थांबेचना. आठवडाभर तेच. वर्गात पोरं त्याला ‘खी खी’ म्हणू लागली. मॅडमचं मत झालं, की हा पोरगा मुद्दाम चुकतोय, आपल्या खेळाची टर उडवतोय. एवढी हुशारी आणि दोन रंग कळत नाहीत म्हणजे काय! त्यात त्याने प्रयोगवहीत गुलाबी जंतू आभाळी रंगात रंगवून आणले, तेव्हा मॅडमचा पारा चढला. त्यांनी लाल पेन उचललं आणि पानभर शेरा मारला, ‘डोळे उघडे ठेवून काम करा!’ खाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर प्रज्योत कॉलेजात दिसला नाही.

आठ दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभी राहिली. हाताला काजूच्या चिकाचे काळे डाग, काखेत पिशवी.

“मॅडम, मी प्रज्योताची आवय, चंद्रावती. येव काय भितर?”

तिने पिशवीतून आधी प्लास्टिकची बाटली काढून टेबलावर ठेवली. “सकाळचो नीरो असा. आमच्या कोळंबीतलो. कोणाकडे रित्या हातान कसां जावचां?” काजूची बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवल्यावर अगदी शेवटी जो स्वच्छ रस गळतो, तो नीरो. मग तिने घडी घातलेला कागद पुढे केला. “झिलाचो दाखलो व्हयो. माझ्या भावान, रघुनाथान, तेका मोपाच्या विमानतळार काम बघल्यान. सामान चढवूचां. सोमवारी रुजू जावचां असा.”

खरं सांगायचं तर मॅडमना क्षणभर हायसं वाटलं. चला, एक डोकेदुखी गेली. त्यांनी सही करायला पेन काढलं आणि कागदावर नजर टाकली. ‘कॉलेज सोडण्याचे कारण’ या रकान्यात प्रज्योतच्या मोत्यासारख्या अक्षरात दोनच शब्द होते. ‘जमत नाही.’

ते वाचून मॅडम चिडल्या. ‘जमत नाही’ म्हणजे दोष कुणावर आला? शिकवणाऱ्यावर! पंधरा दिवसांवर परीक्षा, आणि हा विमानतळावर पेट्या उचलायला निघाला, तेही आपल्या माथी खापर फोडून.

“काकी, बसा जरा. तुमचा मुलगा काय करतो ते एकदा बघूनच जा,” असं म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला. खेळात कोण काय उत्तर देतो, किती वेळ लावतो, याची सगळी नोंद मागे आपोआप होत असे. ती आजवर मॅडमनी उघडून बघितली नव्हती. एकूण गुण बघायचे आणि पुढे जायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. आता त्यांनी प्रज्योतच्या नावावर बोट ठेवलं.

“हे बघा. आकार. साठपैकी...” मॅडम थांबल्या. साठपैकी साठ. वर्गात कुणाचेच साठ नव्हते.

“आणि हा रंग. साठपैकी एकतीस.” म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते.

त्यांनी पुढचा रकाना बघितला. आकार सांगायला दोन सेकंद, तीन सेकंद. आणि रंग सांगायला अडतीस, एकेचाळीस, चाळीस, त्रेचाळीस. प्रत्येक फोटोला. बाकीची पोरं रंग डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच सांगत होती.

चाळीस सेकंद! टवाळी करणारा मुलगा एकेका फोटोपुढे चाळीस सेकंद डोळे फोडत बसत नाही. शिकवण्याच्या चौदा वर्षांत त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

“काकी,” त्यांचा आवाज एकदम खाली आला, “घरी प्रज्योतचा रंगांत गोंधळ होतो का? म्हणजे, पिकलेला लाल बोंडू हिरव्या पानांतून ओळखता येतो ना त्याला?”

चंद्रावतीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही ठाऊक नसावं. “झाडावयलो बोंडू कोण काडता, मॅडम? फेणीच्या भट्टीक झाडावरचो चलना नाय. आपसूक पडलेलोच पुंजावचो. माझो झील टोकाक खिळो लायलेली काठी घेवन फुडे, आमी मागे. वास घेवन सांगता, ह्यो कालचो, ह्यो आजचो.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. लहानपणापासून काजूच्या डोंगरात वाढलेला मुलगा, पण त्या डोंगराने त्याला कधी रंग विचारलाच नव्हता. जमिनीवर पडलेलं ते पिकलेलं, बास. प्रयोगशाळेतही अंधुक-गडद बघून तो कसाबसा तरून जात असणार. मॅडमनी मात्र आपल्या खेळातले सगळे फोटो देखणे दिसावेत म्हणून एकसारखे उजळ करून ठेवले होते. पोराच्या हातातली तेवढी एक काठीही त्यांनीच काढून घेतली होती.

“कुठे आहे तो?”

“भायर, मोटारसायकलीर. भितर येवक लजता.”

सगुणबाब त्याला हाताला धरून घेऊन आले. प्रज्योत खाली मान घालून उभा राहिला. मॅडमनी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. खेळात त्यांनी रंग बदलायची एक पट्टी ठेवली होती, कारण काही पोरांच्या जुन्या मोबाइलवर रंग भलतेच दिसत. ती पट्टी फक्त मॅडमच्या लॅपटॉपवर होती. त्यांनी ती हळूहळू सरकवली. गुलाबी जंतू नारिंगी झाले, मग हळदीसारखे पिवळे. जांभळे निळे झाले.

“आता बघ.”

प्रज्योत पुढे वाकला. मग एका पिवळ्या जंतूवर बोट ठेवलं, एका निळ्यावर ठेवलं, परत पिवळ्यावर ठेवलं.

“हे दोन वेगळे असत?”

“हो.”

“सगळ्यांका...” त्याने मान वर केली. “सगळ्यांका पयल्यापासून असांच वेगळां दिसता?”

“हो रे बाबा. गुलाबी-जांभळ्यातही इतकंच वेगळं दिसतं. तुला तेवढं दिसत नाही. डोळ्यांची ठेवणच तशी असते काहींची. बऱ्याच जणांची असते.”

मॅडमनी खेळ सुरू केला. पहिला जंतू बाटलीत गेला. दुसरा गेला. दहाच्या दहा मुकाट बाटलीत जाऊन बसले. गौरवी एकदाही हसली नाही. सगुणबाब मागे उभे राहून प्रत्येक उत्तराला मान हलवत होते, आणि दहाव्याला त्यांनी सरळ टाळी वाजवली.

“म्हणजे माझो झील ढ नाय?” चंद्रावतीने विचारलं.

“ढ मी, काकी,” मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असेल, पण निघालं ते मनापासून.

चंद्रावती मटकन स्टुलावर बसली. पदर तोंडाला लावून आधी रडली आणि मग तशीच हसायला लागली. “अगे बाय माझे! ह्यो माझ्या बापाशीचो वारसो! माझो बापूस, दादू, दर वर्सा तुळशीच्या लग्नाक तुळस रंगवायचो. सगळ्यांची तांबडी नी हिरवी, आमची कुळथाच्या पिठयेसारकी. लोक म्हणत, दादूक रंग इकत घेवक जीवार येता, भांड्याचां धुवान लायता. म्हातारो मरासर चिकट म्हणान नाव घेवन गेलो!”

तिच्याबरोबर सगळेच हसले. प्रज्योतही हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

पण मॅडमचं हसू लवकर ओसरलं. हा लॅपटॉप आणि त्यातली पट्टी परीक्षेत चालणार नव्हती. तिथे खरी काचपट्टी, खरा गुलाबी रंग आणि बाहेरून येणारे परीक्षक. पंधरा दिवसांत याचे डोळे काही बदलणार नव्हते. त्यांनी तसं बोलून दाखवलं, तेव्हा प्रज्योतने गपकन दाखल्याचा कागद परत हातात घेतला.

“मॅडम,” सगुणबाब खाकरले, “मी नवो लागलंय तेवां एक म्हातारे सर असत. रंग संपलो की ते पोटॅशाचे दोन थेंब घालून बघीत. तार सुटली तर एक जात, नाय सुटली तर दुसरी.”

मॅडमनी जीभ चावली. ही चाचणी त्यांनाही पाठ होती. स्वतः शिकताना वाचली होती, दोन मार्कांसाठी, आणि विसरून गेल्या होत्या. गुलाबी जातीच्या जंतूंचं कवच पातळ. पोटॅशने ते फुटतं आणि आतला ऐवज चिकट होऊन बाहेर येतो, त्याची तार सुटते. जांभळ्या जातीचं कवच जाड, ते ढिम्म राहतं. कधीमधी फसते ही चाचणी, पण रंगाची गरज तिला अजिबात नाही.

सगुणबाबांनी काचपट्टीवर पोटॅशचे थेंब टाकले, मॅडमनी बशीत वाढवलेले जंतू तारेच्या टोकावर उचलून त्यात घोळवले, आणि तार हळूच वर उचलली. थेंबातून बोटभर लांब, केसाएवढा धागा वर ओढला गेला.

“अगे, ही तर एकतारी!” चंद्रावती ओरडली आणि नेहमीच्या सवयीने अंगठा आणि बोट पुढे करून थेंबाकडे झेपावली.

“हात नका लावू!” मॅडम आणि सगुणबाब एकदमच किंचाळले.

“बरां, बरां. खाज्यांचो पाक असोच बघतत म्हणान हात गेलो,” ती म्हणाली. जत्रेत तिचं खाज्यांचं दुकान लागायचं. “पण पाक बघूक मी खंय जातंय? तो ह्यो माझो झील बघता. एकतारी झालो काय नाय, ह्याच्याशिवाय माका कोणाचो इस्वास नाय.”

मॅडमनी प्रज्योतच्या हातात तार दिली. त्याने जंतू थेंबात घोळवले, मनगट अगदी थोडं वळवलं, आणि धागा तुटू न देता मॅडमपेक्षा दुप्पट उंच नेला. दुसऱ्या काचपट्टीवर घोळवलं, उचललं. काही आलं नाही, नुसतं पाणी. तिसऱ्यावर परत धागा. त्याने डोळे मिटून घेतले आणि चौथ्यावर तसाच हात फिरवला. “ह्येच्यात येतली,” तो म्हणाला. “घोळयतानाच जड लागता.” तार वर आली, तिच्यामागून धागा आला.

एवढ्यात टेबलावरून फस्स असा आवाज झाला. खिडकीतून आलेल्या उन्हात नीऱ्याला फेस चढला होता आणि बाटलीचं झाकण उडून सगुणबाबांच्या पायाशी पडलं होतं. ते गडगडत कपाटाखाली गेलं आणि काही केल्या निघेना. चंद्रावतीने शांतपणे मुलाच्या हातातला दाखल्याचा कागद काढून घेतला, त्याची गुंडाळी केली आणि बाटलीच्या तोंडात बसवली.

“रघुनाथाक सांगतंय,” ती म्हणाली, “पेट्यो चढवूक दुसरो बघ.”

पुढच्या दोन आठवड्यांत म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद आला, मॅडमनी तीन ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी भांडल्या, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी प्रज्योतला रंगाऐवजी पोटॅशची चाचणी करू द्यायच्या परवानगीचं पत्र हातात पडलं. त्यांच्या नाकावरच्या रागाचा एवढा चांगला उपयोग आधी कधी झाला नव्हता. परीक्षेला बाहेरून तारा मॅडम आल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी प्रज्योतसमोर पाच बशा ठेवल्या, वर फक्त आकडे लिहिलेल्या. संजना मॅडमना आत थांबायला बंदी होती. त्या व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिल्या. लग्नाच्या वेळीही त्या एवढ्या घाबरल्या नव्हत्या.

दार उघडलं ते सगुणबाबांनी. त्यांनी पंजा दाखवला. पाचही बोटं पसरलेली. पाचपैकी पाच. आणि आत, तारा मॅडम स्वतः काचपट्टीवर वाकल्या होत्या. त्यांच्या हातून धागा तुटत होता आणि प्रज्योत त्यांना सांगत होता, “मॅडम, सवकास. पाक बघतत तसां.”

मॅडम भिंतीला टेकल्या. चौदा दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना वाटलं. एरवी परीक्षेच्या दिवशी त्यांना चहा सुद्धा गोड लागत नसे. आज त्या दोन पाव आणि पातळभाजी खाऊन आल्या.

चार वाजता प्रज्योत प्रयोगवहीवर शेवटची सही घ्यायला आला. मॅडमनी पानं उलटली आणि ते पान आलं. आभाळी जंतू, आणि खाली त्यांचा स्वतःचा शेरा. त्यांनी पेन उचललं आणि तो शेरा खोडायला घेतला. एक शब्द खोडला, दुसरा खोडला.

प्रज्योत त्यांच्या पेनाकडे बघत होता. “मॅडम, एक इचारू? वर्गात सगळे तुमच्या लाल शायेक भियेतत. ती लाल शाय म्हणजे हीच काय?”

“हो. हीच. का रे?”

“माका ती काळीच दिसता, सगळ्यांच्या पेनासारकी.” तो लाजून हसला. “माका वाटायचां, मॅडम बाकीच्यांका लाल शायेन लिवतत, माका तेवडां साध्या शायेन. म्हणजे माझेर तेवड्यो रागावल्यो नाय. नायतर मी पयल्याच म्हयन्यात कॉलेज सोडलां असतां.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग बाकावरची त्याची पेन्सिल उचलली, खोडलेल्या शेऱ्याखाली ‘उत्तम’ लिहिलं, आणि ती अक्षरं त्याला नीट दिसावीत म्हणून दोनदा गिरवली.